सिकंदरचा स्वभाव

१८ फेब्रुवारी २००१, रविवार

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. मी सेक्शन ऑफिसर झालो. ऑफिसातले काही लोक म्हणतात की अर्धा स्टाफ भोपाळलाच चिकटून राहिला, म्हणून इथे खुर्च्या रिकाम्या होत्या. म्हणू दे. रिकाम्या खुर्चीवर बसायलासुद्धा लायकी लागते.

आजपासून डायरी. इथे फक्त खरं लिहायचं.

पहिला संकल्प: राहणी बदलणे. भोपाळहून आलेल्या मोठ्या साहेबांना सिव्हिल लाइन्सला बंगला मिळाला आहे. त्यांच्याकडे उशीएवढं पांढरं कुत्रं आहे. आमच्या कॉलनीत कोणाकडे तेही नाही. सिलतऱ्याच्या एका सेठजींच्या कारखान्याची फाइल माझ्या टेबलावर आहे. ते परवा सहज म्हणाले की आमच्याकडे एक मॅस्टिफ आहे, विलायती, तरुण, घेऊन जा. याला लाच म्हणत नाहीत. कुत्रा जिवंत असतो. लाच निर्जीव असते.

फाइल उद्या पुढे पाठवतो. तशीही पाठवणारच होतो.

२५ फेब्रुवारी, रविवार

सेठजींच्या टेम्पोतून कुत्रा आला. वासराएवढा. रंग गव्हाचा, तोंड काळं, गाल लोंबलेले, कपाळावर आठ्या. निकाल राखून ठेवलेल्या जजसारखा दिसतो. मी हार घेऊन फाटकात उभा होतो. तो मला वळसा घालून थेट वरांड्यात गेला आणि खाटेवर बसलेल्या बाबांच्या पायावर डोकं ठेवून पडला. प्रवासाचा थकवा.

टेम्पोवाला जाताना म्हणाला की साहब, गेट पे रखा था, सबको अंदर आने देता था. दुसऱ्याचं चांगलं झालं की लोकांना बघवत नाही.

नाव ठेवलं सिकंदर. सौ. अपर्णा म्हणाली, हाक मारायला लांब पडेल. बाबा त्याला भुऱ्या म्हणून राहिले. हे चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

गोल बाजारातून जाड साखळी आणि मोठी परात आणली. दुकानदाराने विचारलं, घरी लग्न आहे का.

४ मार्च, रविवार

सदर बाजारमागच्या रद्दीवाल्याकडे मोठ्या कुत्र्यांवरचं इंग्रजी पुस्तक मिळालं. काय इतिहास आहे. असीरियाच्या राजांनी महालाच्या भिंतींवर दगडात असे कुत्रे कोरून ठेवले, शिकारीला निघालेले. रोममध्ये त्यांना आखाड्यात उतरवत. कोणी म्हणतं मूळ ग्रीसकडचं, कोणी म्हणतं तिबेटचं. एक गोष्ट अशीही आहे की सिकंदराला हिंदुस्थानातल्या एका राजाने असा कुत्रा भेट दिला होता. म्हणजे वस्तू मुळात आपलीच. आणि मी नाव आधी ठेवलं, पुस्तक नंतर वाचलं. याला अंतःप्रेरणा म्हणतात.

घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. स्नेहल म्हणाली, पापा, इसमें तो लिखा है कि पक्का किसी को पता नहीं. मराठी घरातली अकरावीची पोट्टी, पण उत्तर हिंदीत.

मग वाटलं, कुत्र्याची वंशावळ राजवाड्यापर्यंत जाते, आपली कुठवर? आडनाव लांजेवार. लांजीला किल्ला आहे. म्हणजे आपण किल्लेदार. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कायचे किल्लेदार रे. तुया आजा भंडाऱ्याकडून आला, रेल्वेत गिट्टी टाकाले. मीबी तेच केलं."

बाबांची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे.

१८ मार्च, रविवार

पुस्तकातलं आजचं प्रकरण: स्वभाव. शांत. धीराचा. घराला आणि घरातल्या दुबळ्या माणसांना जपणारा. उगाच भुंकत नाही. घुसखोराला फाडत नाही, पाडतो आणि त्याच्यावर उभा राहतो. पुढे एक पान असं की त्याला मारलं, खेकसलं तर तो मनाला लावून घेतो, त्याच्याशी मायेने वागावं. हे पान इंग्रज बायकांसाठी असावं. वगळलं.

प्रत्यक्षात दूधवाला आत आला, गॅसवाला आत आला, वर्गणीवाले आले. हा बघत राहिला. शेजारची मांजर त्याच्या परातीतून खाऊन गेली, तेव्हा हा बाजूला सरकला.

कारण सापडलं. लाड. बाबा दुपारभर त्याच्या कानामागे खाजवतात आणि त्याला मालगाड्यांच्या गोष्टी सांगतात. अशाने असीरियाचं रक्त पातळ होतं. नियम केला: कुत्र्याला हात फक्त मी लावायचा. बाबा हव म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले. थोड्या वेळाने कुत्र्याने स्वतःच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाबांनी हात लावला नाही, हे मान्य करावं लागेल.

३० मार्च, शुक्रवार

उपाशी ठेवण्याचा कार्यक्रम सुरू आहे. भुकेला कुत्रा तापट होतो, हे साधं शास्त्र आहे. दिवसातून एकदा, तेही मी समोर बसून थोडंसं देतो, म्हणजे मालक कोण ते समजेल.

संशय: कुत्रा वाळत नाही आहे. बाबा वाळून राहिले आहेत. अपर्णाला विचारलं. ती म्हणाली की बाबा जेवताना ताट घेऊन वरांड्यात जातात आणि रिकामं ताट परत आणतात. आता बाबांनी स्वयंपाकघरात, माझ्यासमोर जेवायचं. घास मोजायला मला हौस नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

ऑफिसात सांगितलं आहे की आमचा सिकंदर माणसाचा वास कोसावरून ओळखतो. साहेबांनी मान वर केली. पहिल्यांदाच.

१५ एप्रिल, रविवार

ऊन फार. पुस्तकात आहे की या जातीला उकाडा सोसत नाही. घरात कूलर एकच, बाबांच्या खोलीत. विचार करून निर्णय घेतला. खोली सिकंदरला दिली. बाबांची खाट वरांड्यात घातली. तसेही ते दिवसभर तिथेच असतात. शिवाय जन्म रुळांवर, उन्हात गेला, त्यांचं शरीर तयार आहे. कुत्र्याचे पूर्वज बर्फातले. हे भावनेने नाही, भूगोलाने बघायचं.

 बाबांची उशी अपर्णाने जरा जोरात आपटली. बाबा म्हणाले, मले काय, मी कुठंबी पडतो.

१७ एप्रिल, मंगळवार

कुत्रा खोलीत राहत नाही. दार ढकलून वरांड्यात येतो आणि बाबांच्या खाटेखाली झोपतो. कूलर उगाच चालू राहतो. वीज वाया जाऊ नये म्हणून त्या खोलीत मी झोपतो.

६ मे, रविवार

आक्रमणाचं ट्रेनिंग. पलीकडच्या पाऱ्यातला, म्हणजे वस्तीतला, तुळशीराम, मिस्त्रीकाम करतो, त्याला चोर म्हणून बोलावला. हातापायाला पोती बांधली, काठी दिली. कुत्र्याला साखळीने खांबाला बांधलं. तुळशीरामने काठी उगारली. कुत्रा बसला. काठी नाकावर मार म्हटलं, तर तुळशीराम म्हणाला, साहब, ये तो कुछ कर ही नहीं रहा, काय बर मारूँ. काठी मीच घेतली.

दोन-चार पडल्यावर त्याने असा आवाज काढला की बाबा आतून धावत आले. त्या वयात पळू नये. त्यांनी काठी धरली नाही, काही नाही, कुत्र्याच्या अंगावर ओणवे झाले फक्त. मला थांबावं लागलं. तुळशीरामने पोती सोडली आणि चहा न घेता गेला.

अपर्णाने विचारलं की नेमकं काय पाहिजे तुम्हाला. म्हटलं, स्वभाव. जो मुळात आहे तो बाहेर आला पाहिजे.

तो घाबरतो आहे, असं स्नेहल म्हणाली. म्हणजे प्रगती आहे. आधी भीती, मग राग.

१४ मे, सोमवार

साहेब येत्या रविवारी सपत्नीक जेवायला येणार. स्वतः म्हणाले की आपका कुत्ता देखना है. ऑफिसात कोणाच्याही घरी ते अजून गेलेले नाहीत. एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये वरची जागा रिकामी आहे, तिच्यासाठी आता माझं नाव पक्कं समजायचं.

बाबांना सांगितलं की साहेब असेपर्यंत मागच्या अंगणात बसायचं आणि शक्यतो बोलायचं नाही. आपली भाषा त्यांच्यासमोर बरी दिसत नाही.

२० मे, रविवार

वेळ: साहेब गेल्यावर.

क्रमाने लिहितो. साहेब आणि मॅडम दुपारी आले. मी इतिहास सांगितला. असीरिया, रोम, सिकंदर. लांजीच्या किल्ल्याचाही उल्लेख केला. साहेब पापड खात ऐकत होते. मग म्हटलं, आता प्रात्यक्षिक. तुळशीराम यायला तयार नव्हता, म्हणून कॉलनीच्या चौकीदाराला भिंतीवरून उडी मारायला सांगून ठेवलं होतं. त्याने मारली. कुत्र्याने शेपूट हलवली.

साहेब हसले. तसं हसू मला नको होतं. मी कमरेचा पट्टा काढला. शिस्त लगेच लावावी लागते. तीन-चार दिले असतील. इतक्यात बाबा मागच्या अंगणातून आले, नुसत्या बंडीवर, साहेबांसमोर.

"नरहरी, त्याले नको मारू. मले मार."

ते मध्ये आले, हे महत्त्वाचं. पट्टा हवेत होता. बाबांच्या कानावर आणि मानेवर लागला. रक्त आलं, थोडं. ते खाली बसले.

पुढे जे झालं त्यात माझा पाय घसरला, असंही म्हणता येईल. कुत्रा उठला. भुंकला नाही. त्याला बांधलेल्या साखळीचा हूक भिंतीतून निघून आला, मागे बसवताना तुळशीरामने तो नीट बसवलाच नव्हता. पुढच्या क्षणी मी आडवा होतो आणि त्याचे दोन्ही पंजे माझ्या छातीवर होते. दात दाखवले नाहीत. नुसता उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. लाळ माझ्या गळ्यात पडत होती. मी सिकंदर, सिकंदर म्हटलं. त्याला ते नाव माहीतच नसल्यासारखा.

अपर्णा माझ्याकडे न येता ओला कपडा घेऊन बाबांकडे गेली. स्नेहलही. मी तसाच. शेवटी बाबा म्हणाले, भुऱ्या, सोड त्याले. कुत्र्याने सोडलं.

साहेब हसताना खोकले. म्हणाले, "लांजेवार, कुत्ता तो असली है."

एकंदरीत भेट यशस्वी.

२२ मे, मंगळवार

चपराशी मी गेलो की मागून भुंकतो. एस्टॅब्लिशमेंटच्या जागी दुसऱ्याची ऑर्डर निघाली. साहेबांनी बोलावून विचारलं, पिताजी कैसे हैं. मी म्हटलं, घरच्या कुत्र्यामुळे थोडी जखम झाली.  ते म्हणाले, मैं वहीं बैठा था.

निर्णय: कुत्रा काढायचा. वाघासारखा पोसला आणि मालकावर उलटला. पुस्तकही रद्दीत.

२३ मे, बुधवार

काम झालं. टेम्पो केला, बिलासपूर रोडने गेलो. सेठजींकडेच परत द्यायचा विचार होता, पण मग ते कारण विचारतील. माझी प्रतिष्ठा आहे. सिलतरा ओलांडून धरसींव्याच्या पुढे रस्त्याकडेला उतरवला. पट्टा, साखळी काढून घेतली. तो मोकळा उभा राहिला, टेम्पो निघाल्यावर थोडा मागे पळाला. त्याच्याने पळवत नाही. मोठं अंग.

ऊन होतं, पण पुढे एक तलाव दिसला होता. म्हणजे पाण्याची सोय बघूनच सोडला.

घरी सांगितलं की साहेबांना फार आवडला, त्यांनी बंगल्यावर ठेवून घेतला. बाबांनी विचारलं, तिथं त्याले सावली आहे का? म्हटलं, आंब्याची झाडं आहेत. त्यांना बरं वाटलं. कधी कधी खोटं बोलण्यातच खरी सेवा असते.

२५ मे, शुक्रवार

बाबांनी घात केला. कानाला पट्टी बांधलेली, काखेत शिळ्या पोळ्या, असे चालत सिव्हिल लाइन्सला गेले आणि साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाशी उभे राहिले. शिपायाला म्हणाले की मी नरहरीचा बाप, भुऱ्याले भेटाले आलो. मॅडम स्वतः बाहेर आल्या. कुत्रा इथे नाही म्हणाल्या. बाबांना पाणी दिलं आणि गाडीने घरी पोचवलं. साहेबांच्या गाडीने. मी त्या गाडीत कधी बसलो नाही.

बाबांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

२६ मे, शनिवार

सकाळपासून बाबा घरी नाहीत. काठी आणि पाण्याची बाटली नाही. चपला आहेत, म्हणजे अनवाणी गेले. उन्हाची लू चालून राहिली आहे. अशा वेळी बाहेर पडणं हा निव्वळ हट्ट.

अपर्णाने विचारलं, कुत्रा कुठे सोडला. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं की तू माझ्यावर संशय घेतेस, हे मला आवडलं नाही, आणि जेवून घेतलं. वरण आळणी होतं.

दुपार टळल्यावर ती पुन्हा आली. या वेळी उभीच होती. म्हणाली, "बाबा मरून जातीन. कुठं सोडलं तेवढं सांगा."

सांगितलं. मी कधी नाही म्हटलं होतं? तिने विचारण्याची पद्धत आधीच बरोबर ठेवली असती तर सकाळीच सांगितलं असतं.

ती आणि स्नेहल लुनावर गेल्या. मीही निघणार होतो, पण घरी कोणीतरी असलं पाहिजे. फोन आला तर.

२७ मे, रविवार

फोन आला. सेठजींच्या कारखान्यातून, अपर्णाचा. बाबा सापडले, जिवंत आहेत.

हकिगत अशी. कुत्रा मी सोडल्यावर मागे चालत चालत सिलतऱ्याला, आपल्या जुन्या गेटवर पोचला होता. गेटवरच्या लोकांनी ठेवून घेतला. कुत्रा कुठून आला होता एवढंच बाबांना माहीत, म्हणून तेही त्याला शोधत तिकडेच निघाले होते. काल दुपारी तो गेटमधून उठून हायवेच्या कडेला गेला आणि तिथेच बसून राहिला. ट्रकवाले हॉर्न देत होते, हटेना. कोणीतरी हाकलायला गेलं तर त्याच्या आडोशाला म्हातारा पडलेला, पायांची कातडी डांबराने सोललेली. कारखान्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाला की अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट कोणीच लक्षात घेत नाही. मी त्याला सिलतऱ्याच्या बाजूला सोडलं होतं म्हणून तो तिथे होता.

अपर्णाला फोनवर हे सांगितलं. तिने फोन ठेवला.

आज जाणार होतो. उद्या मीटिंग आहे, तिची तयारी.

१० जून, रविवार

बाबांना घरी आणायचं म्हटलं तर ते येत नाहीत. सेठजींनी त्यांना गेटजवळची खोली दिली आहे. सेठजी मला फोनवर म्हणाले की लांजेवारजी, आपके पिताजी हमारे मेहमान हैं, आप चिंता मत करिए. आवाजात पूर्वीचा आदर नाही. त्यांची फाइल पुढे गेली, हे कारण असावं.

अपर्णा एक दिवसाआड डबा घेऊन जाते. स्नेहल जाते. सांगतात की बाबांच्या पायाला आता चांगलं मांस आलं. सकाळी ते कुत्र्याला घेऊन गेटपासून वजनकाट्यापर्यंत चालतात. ड्रायव्हर लोक त्यांना दादाजी म्हणतात. घरी येऊन दोघी हसत असतात. मी आत गेलो की थांबतात.

ऑफिसात चर्चा आहे की सेक्शन ऑफिसरचा बाप कारखान्याच्या फाटकावर राहतो. हे बंद झालं पाहिजे. पुढच्या रविवारी स्वतः जाऊन घेऊन येणार. मुलगा दारात उभा राहिला की बाप विरघळतो. यात शंकाच नाही.

१७ जून, रविवार

गेलो. इस्त्रीचा शर्ट. बाबांसाठी नवीन चपला.

गेटवर अडवलं. नाव सांगितलं, पद सांगितलं. बाबा खोलीतून बाहेर आले. बरे दिसत होते. कानामागे व्रण राहिला आहे. कुत्रा त्यांच्या शेजारी उभा होता, मला पाहून तो त्यांच्या मागे सरकला. माझ्या हातात फक्त चपला होत्या.

मी बोललो. लोक काय म्हणतील ते सांगितलं. कूलर तुमच्या खोलीत परत लावला म्हटलं. झालं गेलं विसरा म्हटलं. बरंच बोललो. दोन-तीन ट्रक आत गेले, दोन-तीन बाहेर आले. बाबा सगळं ऐकत होते. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. तसं असतं तर मी काहीतरी करू शकलो असतो.

शेवटी म्हणाले, "नरहरी, भुऱ्याच्या जेवणाची वेळ झाली. तू जाय आता."

चपला त्यांनी घेतल्या. पायात घालून बघितल्या, लहान होत्या. परत दिल्या. बाबांच्या पायाचं माप मला माहीत असायला हवं होतं असं नाही, ते दुकानदाराने विचारायला हवं होतं.

२४ जून, रविवार

अपर्णा आणि स्नेहल सकाळीच सिलतऱ्याला गेल्या. आज बाबांसोबत तिथेच जेवणार. मी म्हटलं, मीही येतो. स्नेहल म्हणाली, लूना पे दो ही बैठते हैं, पापा. ते बरोबर आहे. मी बसने येऊ शकलो असतो, पण तसं कोणी सुचवलं नाही.

घर मोठं वाटतं. चांगलं आहे, विचार करायला शांतता मिळते. ताटावर झाकण ठेवून गेल्या आहेत. भात थंड.

विचाराअंती ठरवलं की कुत्रा ही जातच आपल्यासाठी नव्हती. पोपट बरा. खर्च नाही, जागा लागत नाही, आणि शिकवलं तर मालकाचं नाव घेतो म्हणतात. उद्या ऑफिसातून येताना चौकशी करतो.

पिंजरा मात्र पक्का पाहिजे.